गेट नसलेले चर्चगेट
(प्रौढ साक्षरता वर्गात झालेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळजण रोज चर्चगेट स्टेशनावर उतरतात. कोणी कचेरीत शिपाई आहे, कोणी डबे पोचवतो, कोणी चार घरचा स्वयंपाक करते. आता तुम्हांला अक्षर लागले आहे. स्टेशनावरची पाटी तुम्ही स्वतः वाचता. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. गेट म्हणजे दरवाजा. मागच्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "बाई, पाटीवर गेट लिहिलंय, पण गेट तर कुठं दिसत नाही. ते गेलं कुठं?"

प्रश्न मोठा नामी आहे. वीस-वीस वर्षे त्या स्टेशनावरून जाणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांनाही तो पडत नाही. आज त्याचेच उत्तर द्यायचे आम्ही ठरवले आहे. पण एक गेट शोधता शोधता आपल्याला अर्धी मुंबई पायी फिरावी लागेल. तयारी आहे ना?

निघण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईत दोन तऱ्हांचे लेख आहेत. एक दगडावर कोरलेला. त्यात राजे, लाटसाहेब, शेठसावकार यांची नावे असतात. दुसरा लेख लोकांच्या तोंडी आहे. धोबी तलाव, पालवा, पायधुणी, कामाठीपुरा ही नावे कोणी कागदावर ठरवली नाहीत. कोळ्यांनी, धोब्यांनी, हमालांनी, गलबतावरच्या खलाशांनी ती ठेवली. त्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नव्हती. तरी त्यांनी सांभाळलेली नावे दोनदोनशे वर्षे टिकली आहेत. आज आपण हा दुसरा लेख वाचू.

मुंबई पूर्वी एक गाव नव्हते. ती सात बेटे होती. भरती आली की मधून पाणी वाहायचे. बेटांवर कोळी, आगरी, भंडारी राहत. पुढे पोर्तुगीज आले. त्यांच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले, तेव्हा १६६१ सालच्या तहात त्यांनी मुंबई आंदण देऊन टाकली. घरात भांडीकुंडी देतात तसे बेट दिले! इथल्या कोळ्याला कोणी विचारले नाही. इंग्रज राजानेही ते फार दिवस ठेवले नाही. १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. भाडे किती? वर्षाला दहा पौंड.

कंपनीने व्यापार मांडला. वखारी बांधल्या. मालाची चोरी होऊ नये, शत्रू येऊ नये म्हणून सुमारे १७१६ साली गावाभोवती तटाची भिंत घातली. हाच तो कोट, म्हणजे फोर्ट. "मी कोटात कामाला जातो" असे जुनी माणसे म्हणत, ते यावरून. भिंतीला तीन मोठे दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो दरवाजा, उत्तरेला बाजार दरवाजा आणि पश्चिमेला चर्च दरवाजा. या पश्चिमेच्या दरवाजातून आत सरळ गेले की सेंट थॉमस चर्च लागे. ते १७१८ साली सुरू झाले आणि अजून उभे आहे. रात्री तिन्ही दरवाजे बंद होत. बाहेर राहिला तो बाहेर राहिला.

आता मावशींचे गेट कुठे होते ते सांगतो. आजच्या स्टेशनापाशी नव्हते. स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेकडे दहा मिनिटे चालत जा. हुतात्मा चौक लागेल. तिथे दगडी कारंजे आहे, फ्लोरा फाउंटन. त्याच्या आसपास हा दरवाजा उभा होता. त्या दरवाजाकडे जाणारा रस्ता तो चर्चगेटचा रस्ता. त्या रस्त्याच्या टोकाला पुढे स्टेशन झाले, म्हणून ते चर्चगेट स्टेशन. दरवाजा पाडला गेला, नाव चालत चालत स्टेशनापर्यंत गेले आणि तिथे बसले.

दरवाजा का पाडला, ते सांगण्याआधी भिंतीच्या बाहेर जरा नजर टाकू. तिथे मोठी मैदाने आहेत. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान. एवढ्या दाट वस्तीच्या मुंबईत, जिथे माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथे ही मैदाने मोकळी कशी राहिली? याचे कारण आपल्या मराठी इतिहासात आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. मराठे मुंबईच्या उंबरठ्यावर आले. कंपनीच्या साहेबांची झोप उडाली. उद्या मराठे इकडे वळले तर? त्यांनी तटाभोवती खोल खंदक खणायला घेतला. गावच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी दिली. तटाबाहेरची घरे आणि झाडे पाडली. शत्रूला लपायला आडोसा मिळू नये, तटावरून तोफ डागली तर मध्ये काही येऊ नये, असा तो हिशोब. मराठे मुंबईवर आले नाहीत. पण जागा मोकळी राहिली. आज तिथे रविवारी पोरे क्रिकेट खेळतात. एकेका मैदानावर पंधरा-वीस सामने एकदम चाललेले असतात आणि कोणाचा चेंडू कोणाचा हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

या मोकळ्या जागेपायी एका देवीलाही घर सोडावे लागले. तिची गोष्ट बोरीबंदरला पोचल्यावर सांगू.

याच मैदानात, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी दोन हिंदी शिपायांना तोफेच्या तोंडी दिले. एक सय्यद हुसेन, दुसरा मंगल गाडिया. दिवाळीच्या सुमारास उठाव करायचा बेत केला, असा त्यांच्यावर आरोप होता. एक मुसलमान, एक हिंदू. दोघे एका दिवशी, एका जागी गेले. उत्तरेकडची सत्तावनची लढाई पुष्कळांना ठाऊक असते. मुंबईत हे घडले हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या मैदानावर मोर्चाला गेलात तर या दोन नावांची आठवण ठेवा.

आता भिंत. मराठ्यांचे राज्य १८१८ साली गेले. इंग्रजांना तटाची गरज उरली नाही. आत मात्र गर्दी मावेना. घाण साचू लागली. १८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आला आणि त्याने तट पाडायला घेतला. चर्च दरवाजा गेला. १८६४ साली त्या जागी कारंजे उभे राहिले. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. गंमत अशी की, हे कारंजे इथल्यासाठी नव्हतेच. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचे होते. राणीची बाग तुम्ही लक्षात ठेवा, आपल्या फेरीचा शेवट तिथेच आहे.

या कारंज्याजवळ २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबार झाला. मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे, म्हणून लोक मोर्चा घेऊन निघाले होते. त्या दिवशी आणि त्यापुढच्या लढ्यात मिळून शंभरावर माणसे गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. तिथे मशाल घेतलेल्या शेतकऱ्याचा आणि कामगाराचा पुतळा आहे. मुंबईत पुतळे पुष्कळ आहेत. पण शेतकरी आणि कामगार यांना चौथऱ्यावर उभे केलेले तुम्ही किती पाहिलेत?

चौकातून दक्षिणेकडे निघालो की ओव्हल मैदानाच्या कडेला उंच मनोरा दिसतो. राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. या मनोऱ्याच्या पायात कापूस आहे असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण ते खरे आहे.

त्याचे असे झाले. १८६१ साली अमेरिकेत आपसांत युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. मग त्यांची नजर इकडे वळली. खानदेशचा, वऱ्हाडचा, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, असे सांगतात. मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. रोज नवी कंपनी निघे. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या एकेका भागावर लोकांनी घरेदारे लावली. या सगळ्या बाजारात सर्वांत मोठे नाव होते प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याचे. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव द्यायचे.

१८६५ साली अमेरिकेतले युद्ध थांबले. कापसाचा भाव कोसळला. कंपन्या बुडाल्या. शेकडो घरे रस्त्यावर आली. प्रेमचंदही बुडाले. पण दिलेला पैसा दिलेला होता. मनोऱ्याचे काम १८६९ साली सुरू होऊन १८७८ साली पुरे झाले. नकाशा काढणारा साहेब सर गिल्बर्ट स्कॉट लंडनला बसून होता. त्याने मुंबई डोळ्यांनी कधी पाहिली नाही. मनोऱ्यावर उंच जागी चोवीस माणसांचे पुतळे आहेत. कोणी देवदूत नाहीत, राजे नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची ही माणसे आहेत, आपापल्या पागोट्या-पोशाखांत. ते घडवले मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्या माणसाने. ते तिथे असिस्टंट इंजिनियर होते. साहेबाचे नाव सर्व पुस्तकांत सापडते. मुकुंदरावांचे नाव सापडायला मेहनत पडते. म्हणून आम्ही ते मुद्दाम तुमच्यापुढे घेतले.

राजाबाईंना म्हातारपणी दिसत नसे, असे सांगतात. धर्माने जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचे. दिसत नाही तर वेळ कशी कळावी? म्हणून लेकाने ठोके देणारे घड्याळ बांधून घेतले, म्हणे. गोष्ट खरी असो वा लोकांनी रचलेली असो, आम्हांला ती आवडते. घड्याळ वाचता न येणाऱ्या बाईसाठी अख्ख्या शहराला वेळ सांगणारा मनोरा!

तिथून जवळच काळा घोडा. तिथे इंग्रज युवराजाचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा होता. युवराजाचे नाव कोणी घेईना. लोकांनी घोडा तेवढा उचलला आणि जागेला काळा घोडा म्हणू लागले. १९६५ साली पुतळा हलवला. त्यानंतर पन्नास वर्षांवर तिथे घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला "काळा घोडा" म्हटले की तो बरोबर तिथे नेई. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. आमच्या मते हे लोकांच्या मनाप्रमाणेच झाले.

आणखी थोडे पुढे गेलो की समुद्र. गेटवे ऑफ इंडिया. गावाहून पाहुणे आले की आपण त्यांना पहिल्याप्रथम इथे आणतो, फोटो काढतो, चणे खातो. या जागेचे कोळ्यांच्या तोंडचे नाव पालवा. पाल नावाच्या माशावरून पडले म्हणा, एका जातीच्या गलबतावरून पडले म्हणा. दोन्ही सांगणारे आहेत. साहेबाच्या जिभेवर पालवा चढला आणि अपोलो होऊन उतरला. मग तटाचा दरवाजाही अपोलो, बंदरही अपोलो. अपोलो हा ग्रीक लोकांचा देव. त्याचा आणि आपल्या कोळीवाड्याचा काडीचा संबंध नाही.

२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा इथे उतरला. त्याच्या स्वागतासाठी ही कमान बांधली, असे दगडावर लिहिले आहे. तुम्ही ते आता वाचू शकाल. पण बादशहाने ही कमान पाहिली का? नाही पाहिली! त्याच्या वेळी होता पुठ्ठ्याचा तात्पुरता मांडव. आपल्या लग्नात कमान घालतात तसा. खऱ्या कमानीचा पायाचा दगड १९१३ साली बसला. मग समुद्रात भर घातली. पाया १९२० साली पुरा झाला. कमान उघडली ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे पाहुणा जाऊन तेरा वर्षे झाल्यावर दारात तोरण लागले. खर्च एकवीस लाख. नकाशा जॉर्ज विटेट साहेबाचा. दगड मात्र इथलाच, पिवळसर काळवत्री. दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. कमानीपर्यंत सरळ, रुंद रस्ता करायचा होता, पण पैसे संपले. म्हणून आजही रस्ता आणि कमान एका रेषेत नाहीत. पुढच्या वेळी उभे राहून बघा, कमान जराशी तिरकी वाटते.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत आरमारातल्या हिंदी खलाशांनी संप केला. निकस अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या आणि गुलामी यांना ते विटले होते. जहाजांवर त्यांचे खाणे तोडले गेले. तेव्हा मुंबईची साधी माणसे जेवण, फळे, पाव घेऊन याच गेटवेपाशी आली आणि होड्यांतून ते जहाजांवर पोचवले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून बोटीत बसली. राजाच्या येण्यासाठी बांधलेली कमान राजाची फौज जाताना कामी आली. १९६१ सालापासून समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

इथून लाँच सुटतात त्या घारापुरीला. पाट्यांवर एलिफंटा लिहिलेले असते. एलिफंटा म्हणजे हत्ती. त्या बेटावर हत्ती कुठला? तेही पुढे सांगू. आमच्याकडे आज पुष्कळ उधारी झाली आहे, पण सगळी फेडणार.

आता मागे वळून उत्तरेकडे चालू. वाटेत डाव्या हाताला धोबी तलाव सुटतो. तिथे तलाव होता, धोबी कपडे धूत. फ्रामजी कावसजी नावाच्या दानशूर पारशी गृहस्थांनी तो दुरुस्त करून दिला, म्हणून सरकारने त्यांचे नाव तलावाला दिले. लोक धोबी तलावच म्हणत राहिले. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. मग हळूहळू गावातली तळी बुजवली. गवळ्यांची गुरे जिथे पाणी पीत तो गवालिया तलावही गेला. १९४२ साली "चले जाव"ची हाक तिथल्याच मैदानावरून निघाली.

पोचलो बोरीबंदरला. पाटीवर काय लिहिले आहे? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १९९६ साली शिवाजी महाराजांचे नाव दिले, २०१७ साली त्यात "महाराज" घातले. त्याआधी ते व्हिक्टोरिया टर्मिनस होते. अजून काही माणसे व्ही. टी. म्हणतात. पण त्याच्याही आधीचे नाव बोरीबंदर. इथे खाडीचे पाणी होते, धक्का होता, माल उतरत असे. कोणी म्हणतात बोऱ्या, म्हणजे पोती, उतरत म्हणून बोरीबंदर. कोणी म्हणतात बोरीची झाडे होती. झाडे गेली, पोती गेली, समुद्रही पूर्वेकडे हटला.

आता देवीची गोष्ट. या जागेच्या जवळपास मुंबादेवीचे जुने देऊळ होते. ही कोळ्यांची देवी. तिच्यावरून गावाला मुंबई नाव पडले. तटाबाहेरची जागा मोकळी करताना अठराव्या शतकात कंपनीने हे देऊळ हलवायला लावले. देवी भुलेश्वरच्या बाजूला गेली. आज झवेरी बाजाराजवळ आपण दर्शनाला जातो ते हे नवे ठिकाण. जुन्या जागेजवळ एक तलाव होता, त्याला फाशी तलाव म्हणत, कारण तिथे गुन्हेगारांना फाशी देत. ज्या देवीने शहराला नाव दिले तिचे घर जिथे होते, त्या भागात पुढे परक्या राणीच्या नावाने स्टेशन झाले. देवी काही बोलली नाही. पण बघा, १९९५ साली बॉम्बे नाव गेले आणि सरकारी कागदावर मुंबई आले. आपल्या तोंडी ते कधी बदललेच नव्हते.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता इथून हिंदुस्थानातली उतारूंची पहिली आगगाडी ठाण्याला गेली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे. ही रेल्वे यावी म्हणून जगन्नाथ शंकरशेट, आपले नाना शंकरशेट, यांनी खटपट केली होती. त्या वेळी स्टेशन साधे लाकडी होते. आजच्या दगडी इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. खर्च सोळा लाखांच्या वर. नकाशा स्टीव्हन्स साहेबाचा. त्याच्या हाताखाली असिस्टंट इंजिनियर होते सीताराम खंडेराव वैद्य. भिंतींवर मोर, माकडे, पानेफुले कोरली आहेत. ते काम समोरच्या जे. जे. कलाशाळेतल्या इथल्या विद्यार्थ्यांनी केले. गाडी पकडायच्या घाईत कोण वर बघतो? पण एखाद दिवस पाच मिनिटे आधी जा आणि खांबांकडे बघा. दर्शनी भिंतीवर दगडी वर्तुळांत माणसांचे चेहरे आहेत. त्यांत रेल्वेच्या साहेबांबरोबर नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी जिजीभाईही आहेत. पाया खणणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या बाप्या-बायांचा चेहरा त्यांत नाही. त्यांचे नाव आपल्याला आणखी उत्तरेला सापडेल.

बोरीबंदरनंतरचे स्टेशन मस्जिद. किंवा मशीद बंदर. नाव वाचून तुम्ही म्हणाल, मुसलमानांच्या मशिदीवरून पडले असणार. आम्हीही पुष्कळ दिवस तेच धरून चाललो होतो. पण ही मशीद मुसलमानांची नाही. ती यहुदी लोकांची आहे.

आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, समुद्रकाठच्या गावांत बेने इस्राएल लोक कित्येक शतके राहत आले. तेल काढायचा त्यांचा धंदा. शनिवारी त्यांचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. बोली मराठी. बायकांचा पोशाख लुगडे-चोळी. आडनावे गावांवरून, आपल्यासारखीच: रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर. यांतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी, कंपनीच्या फौजेत मोठे हुद्देदार होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. जीव जायची वेळ आली. पुढचे असे सांगतात: "तू कोण लोकांतला?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "बनी इस्राएल." टिपूच्या आईने ते ऐकले. कुराणात हे नाव तिने ऐकले होते, पण त्या लोकांतला माणूस कधी पाहिला नव्हता. तिने लेकाला सांगितले, याला मारू नकोस. दिवेकर सुटले, मुंबईला आले आणि जीव वाचला म्हणून १७९६ साली त्यांनी मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. नाव ठेवले कृपेचे द्वार. शेजारपाजारच्या लोकांना ते अवघड नाव कुठले कळायला! मूर्ती नाही, लोक जमून प्रार्थना करतात, तर मग ती मशीदच. बेने इस्राएल लोक स्वतःही जुनी मशीदच म्हणू लागले. १८६० साली ती आजच्या जागी आली. तिथला रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. स्टेशनालाही मशिदीचेच नाव लागले.

म्हणजे पाहा, मराठी बोलणाऱ्या यहुद्याला मुसलमान बाईने वाचवले, त्याने देवाचे घर बांधले, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी त्याला मशीद म्हटले आणि रेल्वेने ते पाटीवर लिहिले. १९४८ नंतर बेने इस्राएल लोकांतले पुष्कळजण इस्राएल देशात गेले. तिकडेही घराघरांत मराठी राहिली.

मस्जिदहून थोडे पश्चिमेला पायधुणी. आज तिथे ट्राम नाही, पाणी नाही, नुसती माणसे आणि हातगाड्या. पूर्वी वरळीच्या बाजूने समुद्र आत घुसे आणि भरतीला पाणी इथपर्यंत येई. पलीकडून येणारा माणूस चिखलातून चालत येई आणि गावात शिरताना पाय धुई. म्हणून पायधुणी. हे पाणी अडवायला गव्हर्नर हॉर्नबी याने महालक्ष्मीपाशी बांध घातला. तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. बांध वारंवार ढासळे. मग रामजी शिवजी प्रभू या इंजिनियरांना स्वप्नात देवी दिसली, समुद्रातून मूर्ती काढल्या तेव्हा बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची कथा आहे. ती श्रद्धेची गोष्ट. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की, बांध साहेबाच्या नावाने ओळखला गेला तरी दगड लोटणारे हात इथलेच होते.

समुद्र मागे हटला, दलदल उघडी पडली, ती भरून जमीन झाली. त्या जमिनीवर कामाठी येऊन राहिले. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून आलेले हे मजूर. मुंबईतली बांधकामे, रस्ते, भराव यांवर त्यांनी घाम गाळला. बाया डोक्यावर टोपली आणि पाठीशी मूल घेऊन कामावर जात. त्यांची वस्ती ती कामाठीपुरा. पुढे त्या वस्तीत इंग्रजी अमलात दुसराच बाजार भरला आणि आज ते नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. आम्हांला ते पटत नाही. मुंबईच्या नकाशावर मजुरांच्या नावाचा हा एक मोठा मोहल्ला आहे. ते नाव मोठ्याने घ्यावे.

कामाठीपुऱ्यापासून भायखळा हाकेच्या अंतरावर. तिथे राणीची बाग, आताची वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुले पेंग्विन बघायला ओढ घेतील, त्यांना आधी ते दाखवा. पण नंतर भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला चला. तिथे एक दगडी हत्ती उभा आहे. हाच तो घारापुरीचा हत्ती. बेटावर उतरताच पोर्तुगीजांना तो दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला. साखळी तुटली, हत्ती पडला, त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले आणि १९१४ साली पुन्हा जोडले. जवळ जाऊन पाहिलेत तर सांधे दिसतील.

आणि १९६५ साली फोर्टातून हलवलेला तो काळा घोडा, त्याच्या स्वारासकट, याच बागेत आहे. इथे यायचे ते फ्लोराचे कारंजे फोर्टात राहिले. तिकडचा हत्ती आणि घोडा इकडे आले. आपली नावे मात्र ते आपापल्या जुन्या जागी ठेवून आले आहेत.

भायखळा स्टेशनावर पूर्वेला उतरलात तर बाग दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. बुधवारी ती बंद असते.